ड्रम ट्रिगर म्हणजे चीटिंग का? एक्स्ट्रीम मेटल ड्रमिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डबल बेस (किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, दोन्ही पायांनी वाजवणं) शिकवतो आणि अधूनमधून बँडचं रेकॉर्डिंग पण करतो, त्यामुळे ट्रिगरबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. काही शिकणाऱ्या पोरांचे, काही त्यांच्या आईबाबांचे, आणि बरेच भांडणाच्या सुरात आलेले. ते सगळे इथे एकत्र केलेत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ट्रिगर म्हणजे नक्की काय? तो ड्रमरच्या जागी वाजवतो का?

नाही वाजवत. ट्रिगर म्हणजे ड्रमच्या कडेला किंवा पेडलला बसवलेला छोटासा सेन्सर. त्याच्या आत पिझो असतो, म्हणजे धक्का बसला की थोडीशी वीज तयार करणारी चकती. बीटर (पेडलचा हातोडा) हेडवर, म्हणजे ड्रमच्या पडद्यावर आपटला की चकती हलते, वायरीतून सिग्नल मॉड्युल नावाच्या यंत्राकडे जातो आणि मॉड्युल त्याच क्षणी आधी रेकॉर्ड करून ठेवलेला ड्रमचा आवाज सोडतं, त्याला सँपल म्हणतात. कधी मारायचं, किती वेळा मारायचं, पुढचा रिफ कुठला, हे त्याला काहीच कळत नाही. तुम्ही पाय हलवला नाही तर तेही गप्प.

ई-किटशी (इलेक्ट्रॉनिक ड्रमशी) याची गल्लत करू नका. ई-किटमधे रबराची नाहीतर जाळीची पॅडं असतात. ट्रिगरवाला ड्रमर खऱ्या ड्रमवरच वाजवत असतो, आणि बहुतेक वेळा ट्रिगर फक्त किकलाच असतो.

२. फिरवून बोलू नकोस, चीटिंग आहे की नाही ते सांग.

लाइव वाजवताना किकला लावलेला ट्रिगर चीटिंग नाही.

आता कारण. ड्रमरच्या प्रत्येक फटक्यात तीन गोष्टी असतात: तो कधी पडला, किती जोरात पडला आणि कसा वाजला. ट्रिगर तिसरी गोष्ट पूर्ण घेतो, दुसरी सेटिंगनुसार थोडी किंवा सगळी घेतो, आणि पहिलीला हात लावत नाही. एक्स्ट्रीम मेटलमधे किकची ९० टक्के कसरत पहिल्या गोष्टीत असते, म्हणून मला तिथे अडचण वाटत नाही. जिथे दुसरी गोष्ट महत्त्वाची असते तिथे माझं मत बदलतं, त्यासाठी प्रश्न ५ आणि ८ वाचा. आणि कोणी तुमची पहिलीच गोष्ट बदलून ती तुमची म्हणून विकत असेल तर प्रश्न ९.

३. जॅझवाल्यांना लागत नाही, रॉकवाल्यांना लागत नाही, मग मेटलवाल्यांनाच का लागतो?

हिशोब करून बघा. २४० बीपीएमला (मिनिटाला २४० ठोके) सोळाव्या नोट्स, म्हणजे एका ठोक्यात चार फटके, म्हणजे सेकंदाला १६ फटके, दोन फटक्यांमधे फक्त ६२.५ मिलीसेकंद. एवढ्या वेळात बीटर मागे नेऊन पूर्ण ताकदीने आणायला जागाच नसते. स्ट्रोक आखूड होतो, फक्त घोटा हलतो, आणि आखूड स्ट्रोकचा आवाज कमी. हे आळसामुळे होत नाही, पायाची हालचालच तशी आहे. तबल्यात कोणी रेला वाजवताना नीट ऐका, लय चढते तसा हात हलका होत जातो आणि सगळं लक्ष बोल स्पष्ट निघण्यावर येतं. तिथे शेजारी फार तर एक हार्मोनियम असते. इथे शेजारी खाली ट्यून केलेल्या दोन डिस्टॉर्शन गिटार आणि बेस असतो, जे किकचा खालचा आवाज गिळून टाकतात.

त्यात माइकची भानगड. किकच्या माइकमधे फक्त किक येत नाही, स्नेअर आणि फ्लोर टॉम हे शेजारचे ड्रम, बेसचा अँप, मॉनिटर सगळं येतं. साउंडवाला गेट लावतो, म्हणजे ठराविक पातळीच्या वर आवाज आला तरच माइक उघडतो, आणि मग नेमके फास्ट भागातले हलके फटके गेट खाऊन टाकतो. ड्रमरने वाजवलंय पण लोकांपर्यंत पोचलंच नाही. मेटलमधे ट्रिगर मुख्यतः या कामासाठी आला.

४. ट्रिगर लावला की स्पीड वाढतो का?

पायाचा नाही वाढत. २०० ला अडकणारा पाय ट्रिगर लावून पण २०० लाच अडकतो. पण एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. जोर लावायची गरज गेली की माणूस दमत कमी, त्यामुळे जो स्पीड तुम्ही ३० सेकंद धरू शकत होता तो दीड-दोन मिनिटं धरता येतो. म्हणजे टॉप स्पीड तोच राहिला तरी दम वाढल्यासारखा वाटतो. ट्रिगरवाले हे कबूल करत नाहीत आणि विरोधक याचाच डोंगर करतात.

५. "नुसता पाय टेकवला तरी तोफेसारखा आवाज येतो" हे खरं आहे का?

सेटिंग तशी केली तर हो, आणि खरा वाद इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मॉड्युलमधे प्रत्येक फटक्याच्या जोराला ० ते १२७ मधला आकडा मिळतो. नॉर्मल सेटिंगमधे हळू मारलं तर ४०, जोरात मारलं तर ११०, आणि आवाज त्याप्रमाणे. पण कर्व्ह, म्हणजे जोराप्रमाणे आकडा ठरवणारी सेटिंग, सपाट करून टाकला की काहीही मारा, प्रत्येक वेळी १२७. वर थ्रेशोल्ड (फटका मोजला जायला लागणारा कमीत कमी जोर) एकदम खाली आणला की अगदी बारीक स्पर्श पण मोजला जातो. मग एक फटका मांडीतून आलेला आणि दुसरा अंगठ्याने नुसता ढकललेला, दोन्ही बाहेर सारखेच ऐकू येतात.

याचा सगळ्यात जास्त फायदा हील-टो आणि पायाच्या डबल स्ट्रोकवाल्यांना होतो. एका पायाच्या एका हालचालीत दोन फटके काढायचे, पहिला टाचेने, दुसरा पंजाने. ऐकायला सोपं वाटतं पण यातला एक फटका नेहमी लंगडा पडतो, आणि दोन्ही सारख्या जोराचे निघायला माझ्या बघण्यातल्या पोरांना वर्षं लागलीत. सपाट कर्व्ह ती वर्षं वाचवतो. पण मोबदल्यात त्या दोन फटक्यांमधलं अंतर सारखं नसेल तर ते उघडं पडतं, कारण आता दोन्ही तितकेच मोठ्याने वाजतात.

माझं मत असं की सपाट कर्व्ह हे फसवणं नाही, पण ती उधारी आहे. ज्या ड्रमरला ट्रिगर काढून तोच भाग थोडा हळू आवाजात का होईना सरळ वाजवता येतो त्याने खुशाल वापरावा. ज्याला येत नाही त्याच्याकडे ते तंत्र अजून आलेलं नाही. ठाण्यातल्या एका छोट्या हॉलमधल्या गिगला माझ्या डाव्या बाजूच्या ट्रिगरची वायर गाण्याच्या मधेच निघाली. त्याआधी कित्येक महिने मी हेडफोनमधे फक्त सँपल ऐकत सराव करत होतो. त्या रात्री समोर उभ्या असलेल्या मित्राला डावा पाय ऐकूच आला नाही, फक्त उजवा, म्हणजे माझी डबल बेस अर्ध्या स्पीडची झाली. डावा पाय पडत होता हो, पण हेडवर नुसता टेकत होता. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस मी मॉड्युल चालूच करत नाही.

६. पण मग ट्रिगर चुका लपवतो की दाखवतो?

जोराच्या चुका लपवतो, वेळेच्या दाखवतो. साध्या किकमधे दोन फटके जरा वाकडे पडले तर ड्रमच्या घुमण्यात ते मिसळून जातात. ट्रिगरच्या सँपलमधे वरचा टिक एकदम धारदार असतो, त्यामुळे दहा मिलीसेकंदाची गडबड पण टाइपरायटर अडखळल्यासारखी कानाला लागते. मी पहिल्यांदा स्वतःचं ट्रिगरवालं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा आपण इतके असमान वाजवतो यावर विश्वास बसला नव्हता. मेट्रोनोमपेक्षा कडक मास्तर आहे तो.

७. दादा, डेव्ह लोम्बार्डोने १९८६ मधे ट्रिगरशिवाय केलंच ना? मग आताच्यांना काय झालं?

केलंच, आणि त्याच्या बँडचा, म्हणजे स्लेयरचा अल्बम 'रेन इन ब्लड' आजही ऐकताना अंगावर काटा येतो. पण तिथली डबल बेस ऐका, ती सलग चालत नाही, महत्त्वाच्या जागी येते आणि तेव्हा बाकीची वाद्यं तिला जागा देतात, 'एंजल ऑफ डेथ'मधे तर सगळे थांबतात आणि फक्त पाय वाजतात. पुढे डेथ मेटलने गाणंभर न थांबणारी किक आणली, ती पण गिटारच्या खाली. फ्लोरिडात टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओतून १९८०च्या दशकाच्या शेवटी जो आवाज बाहेर पडला त्यात किकचा टिक ऐकू येणं ही गरज झाली. मॉर्बिड एंजल बँडचा ड्रमर पीट सँडोव्हाल ट्रिगरवर वाजवायचा आणि त्याच्या पायांवर शंका घेणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. फिअर फॅक्टरीने १९९५ च्या 'डिमॅन्युफॅक्चर'मधे तर किक मुद्दाम मशीनसारखी ठेवली, माणूस आणि मशीन हाच त्या अल्बमचा विषय आहे, तिथे लाकडी घुमणारी किक विसंगत वाटली असती.

आणि हे खूळ मेटलवाल्यांनी काढलेलं नाही. स्टीली डॅनच्या १९८० च्या 'गाउचो'साठी रॉजर निकोल्स या इंजिनियरने वेंडेल नावाचं मशीन बनवलं होतं, ड्रमचे आवाज सँपल करून हव्या त्या जागी बसवायला. १९८१ मधे सिमन्सच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमचे षटकोनी पॅड आले, त्याच दशकात स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीचा डीड्रम हा इलेक्ट्रॉनिक ड्रम आला. मेटलने हे सगळं तयारच उचललं. त्याआधी किकचा टिक वाढवायला बीटर जिथे आपटतो तिथे हेडवर नाणं चिकटवायची युक्ती होती, फेल्टऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा बीटर होता. नाण्याला कोणी चीटिंग म्हटलं नाही.

८. स्नेअरला पण ट्रिगर लावला तर?

इथे मी कडक आहे. ब्लास्ट बीटमधे, म्हणजे किक आणि स्नेअरच्या अतिवेगवान सलग माऱ्यात, स्नेअरचा फटका किती खोल पडतो, रिमवर (ड्रमच्या कडेच्या कड्यावर) किती पडतो, घोस्ट नोट (मधेच हळूच मारलेला फटका) किती हलकी आहे, यात ड्रमरचा हात ओळखू येतो. दोन ड्रमर एकाच बीपीएमला तोच ब्लास्ट वाजवतात आणि डोळे मिटून सांगता येतं कोण कोण आहे ते. स्नेअर पूर्ण सँपलवर टाकून सपाट कर्व्ह लावला की ही ओळख जाते. ग्रॅव्हिटी ब्लास्टमधे तर काठी रिमवर टेकवून वर-खाली हलवताना दोन्ही दिशेला फटका काढतात, तिथला परत येणारा फटका मुळात अशक्त असतो, त्याला १२७ देऊन टाकला की शिकण्यासारखं उरलंच काय?

मोठ्या मैदानावर माइकचा आवाज मुख्य ठेवून खाली थोडं सँपल मिसळलं तर माझी हरकत नाही. फक्त सँपलच, तेही छोट्या हॉलमधे, हे मला पटत नाही. चीटिंग म्हणणार नाही, पण ऐकायला पैसे देऊन आलेल्या माणसाला हात ऐकू यायला हवा.

९. स्टुडिओत किक बदलतात आणि लाइव ट्रिगर लावतात, दोन्ही एकच ना?

आवाज बदलण्यापुरतं एकच. स्टुडिओत माइकवर रेकॉर्ड झालेला फटका सॉफ्टवेअर ओळखतं आणि त्या जागी सँपल टाकतं, ड्रमॅगॉग वगैरे त्यासाठीच आहेत. मेटल सोडा, निर्व्हानाच्या 'नेव्हरमाइंड'च्या मिक्समधे पण ड्रमला सँपलची जोड आहे.

भानगड पुढच्या पायरीला होते. रेकॉर्डिंग ग्रिडवर ओढून बसवणं, म्हणजे प्रत्येक फटका पकडून नेमक्या जागी सरकवणं, १८० ला वाजवलेलं २२० ला ताणणं, चार बार वाजवून घेऊन बाकीचं गाणं कॉपी-पेस्ट. इथे पहिली गोष्टच बदलली. थोडंफार सरकवणं सगळेच करतात, मी पण करतो. पण मुळात न वाजवलेला भाग वाजवला म्हणून सांगणं, आणि त्यावर "बघा आमचा ड्रमर" म्हणून मिरवणं, याला मी चीटिंग म्हणतो. गंमत म्हणजे यात ट्रिगर कुठेच नाही आणि शिव्या मात्र त्यालाच पडतात.

उघड सांगून केलं तर प्रश्नच मिटतो. मेशुगाच्या २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'चे ड्रम प्रोग्राम केलेले आहेत, सँपल बँडचा ड्रमर टोमस हाकेच्याच वाजवण्याचे, आणि बँडने ते कधी लपवलं नाही. कोणी त्याला खोटं म्हणत नाही.

१०. स्वतःच्याच ड्रमचं सँपल वापरलं तर?

माझ्या मते ही सगळ्यात छान पद्धत. साउंडचेकच्या आधी शांत हॉलमधे स्वतःच्या किकचे हळू, मध्यम, जोरात असे वेगवेगळे फटके रेकॉर्ड करून मॉड्युलमधे टाकायचे. हल्लीच्या बऱ्याच मॉड्युलमधे स्वतःचे सँपल घेता येतात. मग बाहेर तुमचाच ड्रम ऐकू येतो, फक्त बाकीचा गोंगाट नसलेला.

११. ट्रिगर लावलाय पण सँपल एकही वाजत नाही, हे कसं काय?

असं असतं, आणि लांबून बघून शिव्या देणाऱ्यांना हे माहीत नसतं. ट्रिगरचा सिग्नल फक्त गेट उघडायला वापरतात. प्रश्न ३ मधे सांगितलं तसा गेट हलके फटके खातो, पण तोच गेट ट्रिगरच्या सिग्नलवर उघडला तर एकही फटका सुटत नाही, आणि बाहेर जातो तो माइकमधला खरा ड्रमच. म्हणजे रिमवर डबी दिसली की सँपल वाजतंय असं धरून चालू नका.

१२. एकच फटका मारून दोन आवाज काढता येतात म्हणे?

येतात, पण जवळजवळ नेहमी ती बिघाडाची खूण असते. हेड ढिलं, आत उशी नाही, बीटर आपटून परत टेकला, की पिझोला दोन धक्के जाणवतात आणि डबल ट्रिगरिंग होतं. ते तालात पडत नाही, घाण वाजतं. मुद्दाम डिले लावून दुप्पट फटके काढणं शक्य आहे. तसं कोणी करून ते पायाचं म्हणून दाखवत असेल तर ती सरळ फसवणूक.

१३. मॉड्युलची सेटिंग केली तरी फास्ट भागात नोट्स गायब होतात. पाय चुकतोय का?

आधी मास्क टाइम बघा, काही मॉड्युलमधे नाव वेगळं असतं. एक फटका ओळखल्यावर पुढचे किती मिलीसेकंद कान बंद ठेवायचे ते ही सेटिंग ठरवते, डबल ट्रिगरिंग टाळायला. आता एक किक आणि डबल पेडल असेल तर दोन्ही पायांचे फटके एकाच ट्रिगरवर येतात, म्हणजे २४० ला दर ६२.५ मिलीसेकंदाला एक. मास्क टाइम ७० असेल तर तुमच्या जवळजवळ अर्ध्या नोट्स मॉड्युल फेकून देतं आणि तुम्ही बिचारे पायाला दोष देत बसता. दोन वेगळ्या किक असतील, किंवा ॲक्सिस कंपनीच्या 'ई-किट'सारखे (नाव तसं असलं तरी तो ट्रिगरच आहे) पेडललाच बसणारे ट्रिगर असतील, तर प्रत्येकावर १२५ मिलीसेकंदाला एक फटका येतो, तिथे भरपूर मोकळीक.

उशीर लागतो का, हे पण याच्याच जोडीला विचारतात. चांगलं मॉड्युल काही मिलीसेकंदात उत्तर देतं. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलीसेकंद लागतात, त्यामुळे तो उशीर म्हणजे ड्रम एखाद-दोन मीटर लांब ठेवल्यासारखं. त्रास होत नाही.

१४. स्पीडच्या स्पर्धेत ट्रिगर चालतो का?

फटके मोजायचं ड्रमोमीटर आहे ना, ते मुळात पॅडमधल्या सेन्सरवरच चालतं. ते फक्त मोजतं, कसं वाजलं ते बघत नाही. म्हणून आकडा वेगळा आणि वाजवणं वेगळं, दोन्हीचा मान ठेवा.

१५. दुखापत किंवा अपंगत्व असेल तर?

डेफ लेपर्ड बँडचा ड्रमर रिक ॲलन याचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ च्या अपघातात गेला. त्याने इलेक्ट्रॉनिक किट बनवून घेतलं, डाव्या हाताचं काम पायाच्या पेडलवर घेतलं आणि १९८६ मधे इंग्लंडमधल्या डोनिंग्टनच्या मोठ्या रॉक फेस्टिवलला परत स्टेजवर आला. वाजवतो तोच, कधी मारायचं ते ठरवतो तोच. माझ्याकडे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आलेला एक विद्यार्थी आहे, डॉक्टरने जोर लावायला मनाई केली आहे. त्याला मी पहिल्याच दिवशी ट्रिगर लावून दिला आणि ज्याला हरकत आहे त्याने माझ्याशी बोलावं.

१६. आपल्याकडच्या बँडना याची खरंच गरज आहे का?

उलट आपल्याकडे जास्त आहे. जॅमरूमची आणि गिगची किट सामायिक असते, किकचं हेड कोणी कधी बदललं ते माहीत नाही, आत कोणाची तरी जुनी चादर. साउंडचेकला दहा मिनिटं मिळतात आणि साउंडवाल्याने आदल्या दिवशी लग्नाचा ऑर्केस्ट्रा केलेला असतो. त्याचा दोष नाही, त्याला किक म्हणजे "धप्" माहीत आहे, "टिक" नाही. स्वतःचा ट्रिगर नेला की निदान किक तरी रोज सारखी मिळते. आणि ट्रिगरवाल्या ड्रमरला आपले लोक कमी लेखतात तेव्हा मी आठवण करून देतो की मुंबईच्या डेमनस्टीलरच्या २०१६ च्या 'धिस बर्डन इज माइन' अल्बमवर अमेरिकन डेथ मेटल बँड नाइलचा ड्रमर जॉर्ज कोलियास याने ड्रम वाजवलेत, आणि तो पण किकला ट्रिगर लावणारा माणूस आहे.

१७. महाग आहे हो. घरी बनवता येतो का?

येतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत २७ किंवा ३५ मिलीमीटरची पिझो चकती मागा, बझरची चकती म्हटलं की लगेच देतात. तिला वायर जोडून टोकाला जॅक बसवा, चकती फोमच्या तुकड्यावर ठेवून हेडच्या कडेला टेकवा. सोल्डर करताना जास्त वेळ तापवू नका, चकती मरते. सरावाला पुरतो. गिगला दोन जास्तीचे बनवून न्या, जोड तुटतातच.

१८. नवीन शिकणाऱ्याने कधी लावावा?

मी तरी १८० बीपीएमला दोन मिनिटं दोन्ही पाय सारखे ऐकू आल्याशिवाय लावू देत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे: मोबाईल किकपासून दोन मीटरवर जमिनीवर ठेवा, रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. उजवा-डावा ओळखता आला तर अजून वेळ आहे. लावल्यावर पण सुरुवातीला कर्व्ह सपाट करू नका, आणि प्रश्न ५ मधे सांगितलेले ते तीन दिवस पाळा.

१९. समोरचा ड्रमर सपाट कर्व्हवर वाजवतोय हे कसं ओळखायचं?

हळू भागात कान द्या. गाणं थांबतं, गिटार एकटी वाजते, ड्रमर हळूच एक-दोन किक टाकतो. त्या पण ब्लास्टमधल्याइतक्याच मोठ्या आणि टोकदार आल्या तर कर्व्ह सपाट आहे. दुसरं म्हणजे स्टेजच्या अगदी जवळ जा, स्पीकरच्या आड, जिथे खुद्द ड्रमचा आवाज येतो. तिथे दोन्ही पाय ऐकू आले तर त्या माणसाने मेहनत केलेली आहे, गाणं संपल्यावर जाऊन त्याला सांगा तसं.